तीन आण्यांचे तिकीट

नाशिकला गोदावरीच्या काठी बुधवारी बाजार भरतो. भाजी, कांदे, भांडी, कापड, दोर, टोपल्या असे सारे तेथे मिळते. पैसे द्यावेत आणि वस्तू पिशवीत घालून घरी आणावी, हा बाजाराचा साधा नियम. पण एक वस्तू अशी आहे की, तिचे पैसे आपण आधी देतो, अंधारात बसून ती नुसती पाहतो आणि रिकाम्या हातांनी घरी परत येतो. तरीही आपण फसलो असे आपल्याला वाटत नाही. ती वस्तू म्हणजे चित्रपट.

ही वस्तू आपल्या देशात तयार करून बाजारात आणण्यासाठी ज्यांनी आपले घरदार पणाला लावले, ते गृहस्थ नाशिक जिल्ह्यातले होते. त्यांचे नाव दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून तुम्ही त्यांचे नाव ऐकले असेल. ते कलावंत होते, तसेच ते कारखानदारही होते. आज आपण त्यांच्या आयुष्याची ही दुसरी बाजू पाहणार आहोत. बाजार, नफा, कर्ज, हिशेब, जमा, खर्च हे शब्द तुमच्या घरात रोज बोलले जातात. मराठीतही ते तसेच वापरतात. या पाठात ते पुन्हा पुन्हा येतील.

दादासाहेबांचे पूर्ण नाव धुंडिराज गोविंद फाळके. त्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. हे गाव नाशिकपासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. त्यांचे वडील संस्कृतचे पंडित होते. मुलानेही शास्त्री व्हावे, अशी घराची रीत होती. पण धुंडिराजाचा ओढा चित्रे काढण्याकडे होता. पुढे वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईला आले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. त्यानंतर बडोद्याच्या कलाभवनात त्याने चित्रकलेबरोबर छायाचित्रणही शिकून घेतले.

शिक्षण झाले, आता पोट भरायचे होते. दादासाहेबांनी गुजरातमध्ये गोध्रा येथे फोटोचा धंदा सुरू केला. पण प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दगावले. ते बडोद्याला परतले. तेथेही फोटोचे काम नीट चालेना. फोटो काढला की माणसाचे आयुष्य कमी होते, असा समज त्या काळी लोकांत पसरला होता. माल चांगला होता, कारागीर हुशार होता, पण गिऱ्हाइकाचा विश्वास नव्हता. विश्वासावाचून दुकान चालत नाही, हे दादासाहेबांनी तेव्हा अनुभवले.

मग त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोगसुद्धा केले! जादूगार म्हणून त्यांनी घेतलेले नाव मोठे गमतीचे होते : प्रोफेसर केळफा. हे नाव उलटे वाचा. ‘फाळके’ असेच होते ना?

पुढे सरस्वतीबाईंशी त्यांचे दुसरे लग्न झाले. दादासाहेबांना पुरातत्त्व खात्यात नोकरीही मिळाली. पण १९०५ साली स्वदेशीची चळवळ सुरू झाली. आपल्या गरजेच्या वस्तू आपल्याच देशात तयार झाल्या पाहिजेत, असे लोक म्हणू लागले. दादासाहेबांनी सरकारी नोकरी सोडली आणि छापखाना काढला. त्या काळात रंगीत चित्रे छापण्याचा धंदा भरभराटीला आला होता. पूर्वी रंगीत चित्र राजाच्या महालात असे. आता छापलेले चित्र थोड्या पैशांत साध्या घराच्या भिंतीवरही लागू लागले होते. हा धंदा अधिक चांगला शिकावा, नवी यंत्रे आणावीत, म्हणून दादासाहेब १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. त्यांचा छापखाना नावाजला गेला. पण भागीदारांशी त्यांचे पटेना. शेवटी आपण उभारलेला छापखाना सोडून ते बाहेर पडले. वय चाळीस, घरात बायको-मुले आणि हाती धंदा नाही, अशी त्यांची स्थिती झाली.

याच सुमारास मुंबईला गिरगावातल्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा परदेशी मूकपट पाहिला. मूकपट म्हणजे आवाज नसलेला चित्रपट. पडद्यावर माणसे चालत होती, हात हलवत होती, रडत होती. ते पाहता पाहता दादासाहेबांच्या मनात एक विचार आला. परदेशी लोक आपल्या कथा पडद्यावर दाखवतात. मग आपल्या देशातल्या कथा पडद्यावर का येऊ नयेत? आणि त्या आपणच का तयार करू नयेत? त्या काळी आपल्याकडच्या चित्रपटगृहांत बहुतेक परदेशी चित्रपटच दाखवले जात. तिकिटाचा पैसा इथला आणि माल तिकडचा, असा तो व्यापार होता.

त्यानंतर दादासाहेबांना दुसरे काही सुचेना. मिळेल तो चित्रपट ते पाहू लागले. पुस्तके आणून रात्र रात्र वाचू लागले. या श्रमांनी त्यांचे डोळे बिघडले आणि काही दिवस त्यांना दिसेनासे झाले. औषधोपचारांनी ते बरे झाले. पण खरी अडचण पैशांची होती. विलायतेला जाऊन यंत्रे आणायची होती. त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून कर्ज काढले. विचार करा, विमा कशासाठी असतो? आपल्यामागे बायको-मुलांचे हाल होऊ नयेत म्हणून. तोच दादासाहेबांनी गहाण ठेवला. १९१२ साली ते लंडनला गेले, चित्रपट कसा तयार होतो ते डोळ्यांनी पाहिले आणि कॅमेरा व इतर सामान विकत घेऊन परत आले.

पण सावकार नुसत्या स्वप्नावर पैसा देत नाही. त्याला काहीतरी दाखवावे लागते. दादासाहेबांनी एक युक्ती केली. त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले. कॅमेरा समोर ठेवला आणि रोज त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. पुढे ती पडद्यावर एकामागून एक दाखवली, तेव्हा बी फुटून रोप वर येताना पाहणाऱ्यांना दिसले. अनेक दिवसांचे काम डोळ्यांदेखत क्षणात झाले! ते पाहून भांडवल देणारे पुढे आले. जे कमी पडले ते सरस्वतीबाईंनी भरून काढले. त्यांनी आपले दागिने काढून दिले.

अशा रीतीने मुंबईला दादरच्या राहत्या घरातच ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाचे काम सुरू झाले. तारामतीच्या कामासाठी कोणी स्त्री तयार होईना. तेव्हा दादासाहेबांना एका खाणावळीत साळुंके नावाचा नाजूक बांध्याचा आचारी दिसला. त्याला तेथे महिना दहा रुपये मिळत. दादासाहेबांनी पंधरा रुपये देऊ केले आणि आचाऱ्याची तारामती झाली. चित्रपटात काम करणे त्या काळी लोकांना कमीपणाचे वाटे. म्हणून कोणी विचारले, तर आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामाला आहोत असे सांगा, असे दादासाहेबांनी आपल्या माणसांना शिकवले होते म्हणतात. कारखान्यात काम करणाऱ्याला मात्र कोणी नावे ठेवत नसे!

हा खरोखर कारखानाच होता. सरस्वतीबाई सगळ्या माणसांचा स्वयंपाक करत. फिल्मच्या कडांना भोके पाडलेली नसत. उजेड लागला तर फिल्म खराब होई. म्हणून रात्री काळोखात बसून त्या हातयंत्राने भोके पाडत. चित्रपटाच्या इतिहासात नावे येतात ती नटांची आणि दिग्दर्शकांची. पण घराचा हिशेब सांभाळून रात्री जागणाऱ्या या बाईंना तुम्ही विसरू नका.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी लागला. मुंबईत तो चांगला चालला. पण प्रत्येक गावचा बाजार निराळा असतो. सुरतेची एक गोष्ट सांगतात. तेथे नाटक पाहायला दोन आणे पडत आणि नाटक सहा तास चाले. मग दीड तासाच्या मुक्या चित्रांसाठी तीन आणे कोण देणार? (तेव्हा सोळा आण्यांचा एक रुपया होई.) पहिल्या दिवशी फक्त तीन रुपये जमले. तेव्हा दादासाहेबांनी नवी जाहिरात केली. सत्तावन्न हजार चित्रे आणि दोन मैल लांबीचा खेळ फक्त तीन आण्यांत पाहा, असे त्यांनी लोकांना सांगितले. मग काय! गर्दी लोटली.

मित्रांनो, या जाहिरातीचा हिशेब आपण करून पाहू. चित्रपटाची लांबी सुमारे ३,७०० फूट होती. एका फुटात १६ चित्रे बसतात. गुणाकार केला की ५९,२०० येतात. म्हणजे सत्तावन्न हजार चित्रांची गोष्ट खरी होती. पण एक मैल ५,२८० फुटांचा असतो. मग ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही नाही! सत्यवचनी राजाच्या चित्रपटाची जाहिरात अशी अर्धी खरी आणि अर्धी फुगवलेली होती. जाहिरात वाचताना तुम्हीही पाटी-पेन्सिल जवळ ठेवा.

१९१३ सालीच दादासाहेबांनी आपला कारखाना नाशिकला आणला. नदीचा घाट, देवळे, डोंगर, मळे असे सारे देखावे येथे हाताशी होते. चित्रपटामुळे गावोगाव नवे रोजगार निघाले. तिकिटे विकणारा, दारावर उभा राहणारा, यंत्र फिरवणारा, भिंतीवर जाहिराती चिकटवणारा, पडद्यावरची अक्षरे मोठ्याने वाचून दाखवणारा, पडद्याजवळ बसून पेटी-तबला वाजवणारा, बाहेर चहा आणि शेंगदाणे विकणारा, अशा कितीतरी माणसांची चूल त्यावर पेटू लागली. दादासाहेब यंत्र आणि फिल्मच्या पेट्या बैलगाडीत घालून खेडोपाडीही खेळ करत. बाजाराला आणि जत्रेला येणारा शेतकरी आता मीठमिरचीबरोबर चार घटकांची करमणूकही विकत घेऊ लागला.

मात्र बाजार जगाशी जोडलेला असतो. १९१४ साली दादासाहेब आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तेथे त्यांची वाहवा झाली. तिकडेच राहून काम करण्याविषयीही त्यांना विचारण्यात आले. पण ते परत आले. त्याच वर्षी युरोपात पहिले महायुद्ध पेटले. कॅमेरा, कच्ची फिल्म, रसायने असे सारे सामान परदेशातून येत असे. सावकारांनी हात आखडता घेतला. तोफा तिकडे धडाडत होत्या आणि नाशिकच्या एका घरात मजुरीचे पैसे कोठून द्यावेत याची काळजी होती.

दादासाहेब डगमगले नाहीत. १९१७ साली त्यांचा ‘लंकादहन’ आला आणि त्याने सगळी कसर भरून काढली. त्यात साळुंके यांनीच राम आणि सीता अशी दोन्ही कामे केली होती. मद्रासला या चित्रपटाच्या तिकिटांची नाणी बैलगाडीत भरून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, असे सांगतात. आणा-दोन आण्यांची ती नाणी होती. हमाल, विणकर, शेतकरी यांच्या कनवटीतून ती आली होती. एका श्रीमंताच्या थैलीपेक्षा हजार गरिबांचे आणे जास्त वजनदार ठरतात, हे त्या बैलगाडीने दाखवून दिले.

हे यश पाहून मोठे व्यापारी पुढे आले. १ जानेवारी १९१८ रोजी नाशिकला ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ सुरू झाली. दादासाहेब तिचे एक भागीदार झाले. आता कर्जासाठी दारोदार फिरणे थांबले. कंपनीच्या ‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ या चित्रपटांत दादासाहेबांची छोटी मुलगी मंदाकिनी हिने बाळकृष्णाचे काम केले. लोकांना ते फार आवडले.

पण लवकरच भागीदारांत कुरबुर सुरू झाली. चित्रपट ठरल्या वेळी तयार व्हावा, खर्च बेताचा असावा, प्रत्येक रुपयाचा हिशेब मिळावा, असे भांडवल देणाऱ्यांना वाटे. त्यात चूक काय? पैसा त्यांचा होता. मनासारखे दृश्य साधेपर्यंत थांबू नये, त्यासाठी वेळ आणि पैसा लागला तरी चालेल, असे दादासाहेबांना वाटे. त्यातही चूक काय? चित्रपट त्यांचा होता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते आणि म्हणूनच भांडण मिटेना. छापखान्याच्या वेळी जे झाले तेच पुन्हा झाले. दादासाहेब कंपनी सोडून काशीला निघून गेले.

काही वर्षांनी ते नाशिकला परत आले आणि त्याच कंपनीत कामाला लागले. आता मात्र ते पगारी नोकर होते. ज्या धंद्याचे बी त्यांनी एका कुंडीत पेरले होते, त्याचे झाड मोठे झाले होते. पण त्याची मालकी त्यांच्याकडे राहिली नव्हती.

इतक्यात बाजाराने आणखी एक वळण घेतले. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईला ‘आलम आरा’ हा आपल्या देशातला पहिला बोलपट लागला. पडदा बोलू लागला, गाऊ लागला. या चित्रपटाची भाषा हिंदुस्थानी होती. आता उर्दू जाणणारे लेखक, मुन्शी आणि शायर यांना चित्रपटाच्या धंद्यात मागणी आली. मूकपटांना मात्र गिऱ्हाईक उरले नाही. दादासाहेबांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. हिंदुस्थान कंपनीही बंद पडली. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ साली, त्यांनी कोल्हापूरला ‘गंगावतरण’ हा बोलपट काढला. तोच त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला.

अखेरची वर्षे दादासाहेबांनी नाशिकला काढली. पैशांची ओढाताण होती. तोपर्यंत चित्रपटाच्या धंद्यात लाखो रुपयांची उलाढाल होत होती. पण धंदा नव्या माणसांच्या हातांत गेला होता. तरीही आणखी एक चित्रपट काढण्याची इच्छा त्यांच्या मनात होती. दुसऱ्या महायुद्धामुळे कच्ची फिल्म दुर्मिळ झाली होती आणि चित्रपट काढायला सरकारचा परवाना लागत असे. त्यांनी परवाना मागितला. तो मिळाला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.

दादासाहेबांनी सुमारे शंभर चित्रपट काढले. त्यांपैकी आज फारच थोडे शिल्लक आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’चेही काही भागच उरले आहेत. बोलपटांच्या काळात मूकपटांच्या जुन्या फिल्मला बाजारात भाव नव्हता आणि ज्याला भाव नाही ते जपायला फार थोडी माणसे असतात. पुढे लोकांना दादासाहेबांची आठवण झाली. १९६९ साली भारत सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. चित्रपटसृष्टीतला तो सर्वांत मोठा मान समजला जातो. नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. आणि नाशिक जिल्ह्यातल्याच मालेगावात, दिवसभर यंत्रमागाची खडखड ऐकणाऱ्या तरुणांनी थोड्या पैशांत आपले स्वतःचे चित्रपट काढले. त्यांची दखल दूरदूरच्या लोकांनी घेतली. त्र्यंबकेश्वरच्या मुलाने सुरू केलेला धंदा याच जिल्ह्यातल्या मुलांनी आपापल्या परीने पुढे नेला.

मित्रांनो, या चरित्रावरून काय दिसते? बाजार नसता तर दादासाहेबांची कला एका घरात राहिली असती. तीन आण्यांच्या तिकिटाने ती झोपडीपर्यंत पोचवली. पण त्याच बाजाराने त्यांना मागे टाकले, तेव्हा तो थांबला नाही की वळून पाहिले नाही. बाजाराला भाव कळतो. उपकार लक्षात ठेवण्याचे काम माणसांना करावे लागते. पुढच्या वेळी तुम्ही तिकीट काढाल, तेव्हा काळोखात बसून फिल्मला भोके पाडणाऱ्या सरस्वतीबाईंची आणि विमा गहाण टाकणाऱ्या दादासाहेबांची आठवण जरूर ठेवा.

शब्दार्थ

पणाला लावणे – धोका पत्करून गमावण्याची तयारी ठेवणे
गहाण टाकणे – कर्जासाठी वस्तू दुसऱ्याकडे ठेवणे
भांडवल – धंद्यात घातलेला पैसा
हात आखडता घेणे – पैसे देण्यास मागेपुढे पाहणे
कसर भरून काढणे – झालेले नुकसान भरून काढणे
कनवट – धोतराच्या किंवा लुगड्याच्या कमरेची घडी, जिच्यात पैसे ठेवतात
उलाढाल – धंद्यातली पैशांची देवघेव

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादासाहेबांचा जन्म कोठे झाला?
(आ) जादूगार म्हणून त्यांनी कोणते नाव घेतले होते?
(इ) आपल्या देशातला पहिला बोलपट कोणता?

२. कारणे द्या.
(अ) बडोद्याला फोटोचे काम नीट चालेना.
(आ) महायुद्ध सुरू होताच दादासाहेबांपुढे अडचणी उभ्या राहिल्या.

३. भांडवल देणारे भागीदार आणि दादासाहेब यांच्या भांडणात तुम्ही कोणाची बाजू घ्याल? सात-आठ वाक्यांत लिहा.

४. पुढील शब्द उर्दूत लिहा व मराठी वाक्यांत वापरा : बाजार, नफा, कर्ज, हिशेब, खर्च.

५. एखादी जाहिरात कापून वहीत चिकटवा. तिच्यातली कोणती गोष्ट खरी आहे आणि कोणती फुगवलेली वाटते, ते लिहा.